तापीमाईची तळटीप

८ जानेवारी

चेतनाने आज लिहायचे नियम घरी आणले. ही माझी सून. या घरात आली तेव्हाच बी.एड. होती, नंदुरबारच्या शाळेत इतकी वर्षे शिकवते आहे, आणि आता चाळिशीच्या तोंडावर तिला कोणीतरी सांगणार की वाक्य कसे लिहावे. एम.ए.चा लघुप्रबंध आहे. कॉलेजने त्यासाठी एक पुस्तिका वाटली, शैक्षणिक लेखन कसे करावे याची. ती भाकरी थापत होती तेवढ्यात मी चाळून घेतली.

विशेषणे टाळावीत, म्हणे. 'मी' टाळावा. एका परिच्छेदात एकच मुद्दा. जे विधान कराल त्याला आधार द्या, आणि दुसऱ्याचे असेल ते दुसऱ्याच्या नावावर टाका. समारोपात नवीन काही आणू नका.

मी आयुष्यभर मराठी शिकवले, कोरीटहून सायकल मारत जाऊन शिकवले, आणि पोरांना एकच सांगत आलो की वाक्य असे लिहा की तपासणाऱ्याचा पेन थांबला पाहिजे. विशेषण काढून घेतलेले वाक्य म्हणजे पाने ओरबाडलेली केळ. उभी असते, पण तिच्याजवळ कोणी बसत नाही. आणि 'मी' टाळायचा तर मग लिहिले कोणी?

"हसता काय, नाना," चेतना म्हणाली. "याच्याबाहेर गेलं की मॅडम परत पाठवतात."

मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक, मयूरी मॅडम. डॉक्टर आहेत, पण नाडी न बघणाऱ्या. वय माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींइतके. दोनदा मुदत वाढवून झाली आहे. तीस एप्रिलच्या आत प्रबंध गेला नाही तर चेतनाची नोंदणीच संपते, पुन्हा सगळे पहिल्यापासून. शाळेत वरच्या वर्गांची जागा रिकामी होते आहे, ती एम.ए. झालेल्यालाच मिळणार. म्हणून ही बाई पहाटे उठून विशेषणे वेचत बसते, तांदळातले खडे वेचावेत तशी.

"आण, मी बघून देतो," मी म्हटले.

आतून बायको, अनुसया, बोललीच. "इतला वरीस पोऱ्यास्ना डोकामा भरं, आते सूननं डोकं ऱ्हायनं का?"

या घरात माझ्याशी प्रमाण मराठीत बोलायचा दंडक आहे. मुलगा योगेंद्र सुरतेला नोकरीला असतो, पण फोनवरही पाळतो. सून पाळते. बायको अहिराणीच बोलते, तिने लग्नापासून एक दिवसही पाळला नाही.


१७ जानेवारी

सकाळी धुके होते. केळीच्या बागा नुसत्या सावल्यांसारख्या उभ्या, आणि कुठूनतरी उसाच्या ट्रॅक्टरवरचे गाणे. अशा सकाळी मला शाळा आठवते. मी शिकवली ती नव्हे, मी शिकलो ती.

तापीकाठच्या गावात दोन खोल्यांची शाळा. रतिलाल गुरुजी. त्यांच्याकडे कविता चालीवर म्हणायची असे, सगळ्या वर्गाने एका आवाजात, पाटीवर बोटांनी ठेका धरून. अर्थ ते कधी सांगत नसत. तो नंतर कधीतरी आपल्या पायांनी येई, कोणाला विशीत, कोणाला म्हातारपणी. एकदा भर तासाला त्यांनी आम्हाला उठवले आणि नदीवर नेले. ऊन कलले होते. गुरुजी आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभे राहिले, धोतराचा सोगा वाऱ्यावर, आणि म्हणाले, "पोरांनो, आपलं गाव तापीमाईच्या मांडीवर निजतं आणि तिच्या पदराच्या वाऱ्यानं जागं होतं."

 परत येताना कोणाची तरी टोपी उडून पाण्यात गेली आणि तिच्यामागे सगळा वर्ग धावला. गुरुजीही धावले.

त्या माणसाने आयुष्यात एक ओळ छापायला दिली नसेल. अशी माणसे गेली, आणि आता पुस्तिका आल्या.


३ फेब्रुवारी

चेतनाचा विषय असा : घरात एक बोली बोलणारी मुले शाळेच्या मराठीत निबंध कसे लिहितात. त्यासाठी तिने तीन ठिकाणच्या मुलांकडून 'माझे गाव' लिहून घेतले. आमच्या कोरीटची, अक्कलकुव्याची, आणि पार वर सातपुड्यातल्या काठीची. आज ओसरीवर गठ्ठे पसरून बसली आणि थोड्या वेळाने हसायलाच लागली.

"नाना, ऐका. हा कोरीटचा मुलगा. माझे गाव तापीमाईच्या मांडीवर निजते आणि तिच्या पदराच्या वाऱ्याने जागे होते."

"छान," मी म्हटले.

"ही अक्कलकुव्याची मुलगी. माझे गाव तापीमाईच्या मांडीवर निजते."

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"आता काठीचा. घरात भिली बोलणारा मुलगा, चारी बाजूंनी डोंगर. तोही लिहितो, तापीमाईच्या मांडीवर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. काठीला तापी कुठून आली, नाना?"

"काय हासी ऱ्हायनी वं?" अनुसयाने विचारले.

"आई, तापी डोंगर चढनी," चेतना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

माझा ऊर मात्र भरून आला होता. कारण ते वाक्य माझे आहे. परीक्षा जवळ आली की मी दरवर्षी दहावीला आदर्श निबंध फळ्यावर लिहून द्यायचो. पोरे उतरवून घ्यायची, घोकायची, आणि पेपरात ओतायची. 'माझे गाव'ची पहिली ओळ ही. मी निवृत्त झालो, फळा पुसला गेला, आणि ओळ बघा, डोंगर चढून गेली. कोणत्या मयूरी मॅडमचे वाक्य असे चालत जाईल?

चेतनाला सांगणार होतो. पण ती हसत होती. कवितेला हसणाऱ्याला कवीचे नाव सांगायचे नसते. नंतर तिने टाईप केले : 'या वाक्याचा मूळ स्रोत आढळला नाही.' मी खुर्चीत, तिच्यापासून चार हातांवर. शोध म्हणावे.


११ मार्च

परवा होळी. चेतना काठीला गेली आहे, तिथल्या शाळेतल्या शिक्षकांशी बोलायला. होळीच्या गर्दीआधी काम उरकते, असे म्हणाली. जाताना मला पेनड्राइव्ह दिला. नंदुरबारला टायपिंगच्या दुकानात वीरसिंग नावाचा माणूस आहे, तो मांडणी नीट करून तिथूनच मॅडमना मेल करणार. काम सोपे, आणि मला नंदुरबारला जायचेच होते.

दुकानात बसून मी पडद्यावर तिची प्रस्तावना वाचली. अरे काय ते. 'प्रस्तुत अभ्यासात तीन ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात आले आहेत.' तपासण्यात आले आहेत. कोणी तपासले, कोणत्या सकाळी, बाहेर कोणता पक्षी ओरडत होता, काही नाही. प्रेताचा पंचनामा बरा. मला त्या पोरीची कीव आली. एवढी जागरणे, आणि पहिल्याच पानावर वाचणारा झोपणार.

मी वीरसिंगला म्हटले, "वर एक परिच्छेद घाल. मी सांगतो."

"चेतनाताई बोलल्या होत्या का?"

"मी सासरा आहे तिचा."

त्याने मान खाली घालून टाईप केले. मी डोळे मिटून सांगत गेलो आणि शब्द येत गेले, फळ्यासमोर यायचे तसेच. सुरुवात अर्थातच तापीमाईने. मग शेतांचा हिरवा शालू, कष्टाचा घाम, त्याचे मोती. दुकानात झेरॉक्स काढायला आलेला एक माणूस ऐकत थांबला होता.

आता प्रबंधाला तोंड आले. मॅडम बाकीचे वाचोत न वाचोत, पहिल्या पानाशी थबकतील. चेतनाला सांगणार नाही. तिला तिकडून शाबासकी येऊ दे.

बाहेर वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा उडत होता. शिंकत शिंकत घरी आलो, पण मन हलके.


२० मार्च

थबकल्या.

चेतना संध्याकाळी आली ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली. हातात कागद. पहिले पान सबंध लाल. हल्ली एक यंत्र असते, त्यात लिखाण टाकले की कोणाचे कुठून उचलले ते सांगते. माझ्या परिच्छेदातले प्रत्येक वाक्य त्याला आधीच माहीत होते. एका निबंधांच्या गाईडमध्ये ते जसेच्या तसे आहे, आणि कितीतरी शाळांच्या संकेतस्थळांवरही.

"नाना, हे तुम्ही घातलं?"

"माझंच आहे ते. मी कोणाचं कशाला घेऊ?"

"मॅडम काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, मुलं निबंध उतरवतात यावर तुम्ही प्रबंध लिहिता, आणि स्वतःचं पहिलंच पान उतरवता. सगळ्यांसमोर म्हणाल्या." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे. "मी काय बोलणार होते? मला माहीतच नव्हतं ते तिथे आहे."

"काढून टाक मग. एवढं काय त्यात."

"काढलं. पण अहवाल समितीकडे गेलाय. हे कुठून आलं त्याचा खुलासा द्यायचा, पुराव्यासकट. त्यांना पटलं नाही तर नोंदणी रद्द."

"लिही की माझ्या सासऱ्याचं वाक्य आहे."

"पुरावा?"

"मी सांगतो ना."

अनुसया दारात येऊन उभी होती. "तुम्ही सांगतस म्हनीसन मशीन ऐकी का?"

मी इतका संतापलो की देवघरात जाऊन बसलो. एका यंत्राने मला, मला, चोर ठरवावे. ज्याने विहिरी खणल्या त्यालाच विचारतात, बादली कोणाची.


२३ मार्च

चेतना माझ्याशी बोलत नाही. चहा अनुसयाच्या हाताने येतो. त्यातही एक नवे : माझ्यासमोर दोघी आता सतत अहिराणीतच बोलतात. माझ्याशी नाही, माझ्यासमोर. दंडक मोडलाही नाही आणि पाळलाही नाही.

"ती रागवेल शे," अनुसयाने मला सांगितले.

"कळतं मला."

"नही कळस."

आज योगेंद्रचा फोन होता. बायकोशी बराच वेळ बोलला. मग माझ्याशी. "नाना, तुम्ही यात पडू नका," एवढेच म्हणाला. शुद्ध मराठीत.

ते गाईड मी मागवून घेतले. मुखपृष्ठावर हसरी मुले, आणि खाली लेखकाचे नाव : ललित. माझाच ललित. पुढच्या बाकावर बसायचा, अक्षर मोत्यासारखे. आतला 'माझे गाव' म्हणजे माझा फळा, पूर्णविरामासकट. कुठे माझे नाव नाही. उद्धटपणाला काही सीमा असते. उद्या त्याच्याकडे जाणार. तो लिहून देईल, सही करेल, मग बघतो मयूरी मॅडमना.


२४ मार्च

अक्कलकुव्याला एस.टी.ने गेलो. पुलावरून तापी दिसली. मी टोपी काढली. शेजारचा माणूस गुटख्याची पुडी फाडत होता, त्याने वर पाहिले नाही.

ललित भरतीचे क्लास चालवतो. हायवेला लागून पत्र्याचा हॉल, आत पंखे, बाहेर ट्रक. मला बघून पळत आला, पायाला हात लावला, चहा सांगितला. मी गाईड टेबलावर ठेवले आणि बोट ठेवले.

"सर, हे तुमचंच की," तो म्हणाला. अगदी आनंदाने म्हणाला. "तुम्ही फळ्यावर लिहून दिलेलं."

"मग माझं नाव कुठे आहे?"

"नाव?" तो गोंधळला. "सर, तुम्ही कधी बोललाच नाहीत की हे तुमचं आहे. आम्हाला वाटायचं पुस्तकातलं असणार. तुम्ही बोलायचेच पुस्तकासारखे."

हे तो स्तुती म्हणून बोलला असावा.

"बरं, निदान नदी तरी बदलायची होतीस. काठीच्या पोरांना तापी कशाला?"

"कसं बदलणार, सर? तुमचाच नियम. एक शब्द हलवायचा नाही. हलवला तर अंगठे. गोवाल आठवतो ना? त्यानं तापीच्या जागी त्याच्या गावचा नाला लिहिला होता, तर तास संपेपर्यंत ओणवा होता. मी त्याच्या मागच्याच बाकावर. तेव्हाच ठरवलं, आपण काही हलवायचं नाही."

मला गोवाल आठवत नाही.

ललितने मात्र लगेच लिहून दिले : मजकूर मी माझे शिक्षक गिरधर पाटील यांच्याकडून वर्गात उतरवून घेतला, माझ्या गाईडमध्ये त्यांचा उल्लेख राहून गेला. सही, शिक्का. शिक्का क्लासचा आहे, पण शिक्का आहे.

चहा येईपर्यंत एक विद्यार्थी समोर बसला होता. विद्यार्थी कसला, मिशा आलेला बाप्या, पोलीस भरतीचा अभ्यास करतो. सुकराम नाव, गाव काठी. निबंध पुटपुटत होता. मी ओळखले, माझाच.

"तापी पाहिली आहेस का रे?"

"नाही, सर. बस पुलावरून जाते तेव्हा मला झोप लागते."

"मग लिहितोस कशाला?"

"मार्क भेटतात."

मी म्हटले, पुस्तक मिट आणि तुझे गाव कसे आहे ते सांग. त्याने ललितकडे पाहिले, मग माझ्याकडे. मराठी त्याला जड जात होती, शब्द एकेक उचलून ठेवत होता. "आमचं गाव कोणाच्या मांडीवर नाही, सर. उतारावर आहे. घरं लांब लांब. एका घरात कोण आजारी झालं तर दुसऱ्या घराला धुरावरून समजतं. चूल नाही पेटली ना, मग. आणि होळीला रात्रभर लोकं येतात, मशाली घेऊन. लांबून असं वाटतं, डोंगरच चालत आला."

ना उपमेचा तोल, ना वाक्याला घाट. पेपरात असले लिहिले तर दहापैकी चार. मी त्याला तसे सांगितलेही. तो हसला आणि पुन्हा तापीमाई पुटपुटायला लागला.

येताना गाडीत ते त्याचे बोलणे डोक्यातून जाईना. वर उतरवून ठेवले आहे. ते माझे आहे असे उद्या कोणाला वाटू नये म्हणून स्पष्ट लिहितो : सांगणारा सुकराम, राहणार काठी, ललितच्या क्लासमध्ये, आजच्या तारखेला.


२ एप्रिल

ललितचा कागद मी अनुसयाच्या हातून चेतनाला दिला. ती तो घेऊन मॅडमकडे गेली. परत आली ती थेट माझ्यासमोर बसली. किती दिवसांनी.

"नाना, मॅडमना कागद पटला. समितीलाही पटेल म्हणतात. पण त्यांनी एक विचारलं. गाईडच्या आधी तुम्ही. तुमच्या आधी?"

"माझ्या आधी कोण असणार?"

"हेच विचारायचंय. त्या म्हणाल्या, नुसता खुलासा देऊ नका. एक वाक्य फळ्यावरून गाईडमध्ये, गाईडमधून काठीच्या वर्गात कसं गेलं, याचं प्रकरणच लिहा. तुमच्या प्रबंधात हेच नव्हतं म्हणाल्या." ती जराशी हसली. "आणि स्रोत घरात बसलेला."

म्हणजे एवढे सगळे होऊन मॅडमना शेवटी माझ्याच दारात यावे लागले. मी तसे बोललो नाही. मोठेपणा दाखवला.


६ एप्रिल

आज चेतनाने माझी रीतसर मुलाखत घेतली. फोन मध्ये ठेवला, आवाज भरून घ्यायला. अनुसया लसूण सोलत बसली होती, तिलाही सांगितले की मध्ये बोलायचे नाही, त्यामुळे ती अधूनमधून नुसती उसासे टाकत होती.

पहिला प्रश्न, हे वाक्य तुम्हाला कधी सुचले. मी म्हटले, असे सुचण्याला तारीख नसते, पण त्याचे बीज तापीच्या काठचे. मग मी तिला सगळे सांगितले. दोन खोल्या, पाटीवरचा ठेका, कललेले ऊन, धोतराचा सोगा.

"गुरुजी काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरांनो, आपलं गाव तापीमाईच्या मांडीवर निजतं आणि तिच्या पदराच्या वाऱ्यानं जागं होतं."

 लसणाची साले पडायची थांबली.

"नाना," चेतना म्हणाली, "म्हणजे वाक्य गुरुजींचं."

"ते बोलले. लिहिलं मी. बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, एवढं तरी तुमच्या पुस्तिकेत असेल."

"हं."

"निजतंचं निजते मी केलं. वाऱ्यानंचं वाऱ्याने. त्याशिवाय का ते वाक्य झालं?"

"बरं, नाना."

वाद घालील असे वाटले होते, पण नाही. उलट म्हणाली, "पुन्हा एकदा सांगता? नदीवर नेलं तिथपासून. सावकाश." मी पुन्हा सांगितले. टोपी उडाली, वर्ग धावला, गुरुजीही धावले. तिने विचारले, गुरुजींचे पूर्ण नाव काय, कोण होते त्यांचे, कुठे असतात आता कोणी. मला काहीच सांगता आले नाही. रतिलाल गुरुजी, एवढेच. आम्ही कधी विचारले नव्हते.

तिला गोष्ट फार आवडलेली दिसली. का कोण जाणे, शेवटी शेवटी ती माझ्याशी अगदी हळू बोलत होती, आजारी माणसाशी बोलतात तसे.

मी तिला सुकरामचेही सांगितले, त्याचा उतार आणि धूर. उतरवलेले वाचून दाखवले. तिने विचारले, "कोणी सांगितलं, कधी, लिहून ठेवलंय का?" मी म्हटले, सगळे आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "नाना, पुस्तिका वाचली म्हणायची तुम्ही."

अजिबात नाही, मी म्हटले.


२९ एप्रिल

प्रबंध गेला. एक दिवस आधी गेला. समितीचे पत्र गेल्या आठवड्यातच आले होते, खुलासा मान्य. चेतना कॉलेजातून येताना जिलेबी घेऊन आली. मॅडमसाठीही नेली होती म्हणे. त्या काय म्हणाल्या, मी विचारले नाही, पण तिने सांगितले : "म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा, आणि त्यांना प्रबंधापासून लांब ठेवा."

अनुसया इतकी हसली की तिला ठसका लागला. नमस्कार मी स्वीकारला. उरलेल्या भागाला आधार नाही.


१७ मे

बांधलेली प्रत आली. काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरे. बाहेर ऊन मी म्हणत होते, मी पंख्याखाली बसून चाळली. आत काही बदल नाही, तीच उन्हात वाळवलेली भाषा. 'असे दिसून येते.' 'असे आढळले.' माझा परिच्छेद अर्थात नाही. चौथे प्रकरण त्या एका वाक्याचे : तापीकाठ, फळा, गाईड, काठी. सुकरामचे बोलणे सबंध दिले आहे, अवतरणात, नावानिशी. डोंगर चालत आला, तेही. माझ्यासारख्याने त्यावरून हात फिरवला असता तर किती देखणे झाले असते.

आणि माझी तापीमाई कुठे, म्हणून शोधली. वाक्याच्या शेवटी डोक्यावर एक चिमुकला आकडा बसवला आहे, माशी बसावी तसा. त्या आकड्याचा माग काढत पानाच्या तळाशी जायचे. तिथे इतका बारीक टाईप की चष्मा चालेना. अनुसयाने पंचांग वाचायचे भिंग आणून दिले.

मी मोठ्याने वाचले. रतिलाल गुरुजी, तापीकाठच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक. वर्गाला नदीवर नेले असता मौखिक. सांगणारे आणि पुढे फळ्यावर लिहून देणारे, त्यांचे विद्यार्थी गिरधर पाटील, कोरीट.

एवढेच. ना थोर, ना आदरणीय, ना विद्यार्थिप्रिय. माझ्याही नावाला काही नाही, नुसता विद्यार्थी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विद्यार्थी. गुरुजींचे नाव यापूर्वी कुठे छापले गेले असेल असे वाटत नाही. मतदारयादीत असेल एखाद्या. आणि आता छापले तर पानाच्या तळाशी, मुंगीएवढे.

मी पुन्हा वाचले. वाचता वाचता बोटे खुर्चीच्या हातावर पडत होती, पाटीवर पडायची तशी. ओळ चालीत बसते. मौखिक या शब्दावर जरासे थांबावे लागते, पण बसते.

चेतना पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी.

"डोयामा काय गयं?" अनुसयाने विचारले.

"टाईप फार बारीक शे," मी म्हटले.

दोघींनी एकमेकींकडे का पाहिले, ते मला कळले नाही.